पालाश : अत्यंत जास्त

मिरजेच्या मालधक्क्यावर खताचा रेक लागला
की पोत्यावरची अक्षरं तिला लागायची नाहीत.
वाऱ्याकडं तोंड करून ओठ चाटायची.
युरिया असला तर जिभेला गार,
पोटॅश असला तर खारट, आणि गिळल्यावर मागनं कडू.
"आज लाल हाय," म्हणायची आई,
आणि पदर खोचून
वाघिणीच्या पोटात शिरायची.

हमालांचे हूक पोत्यांना कुठं ना कुठं चावायचेच.
सांडलेलं झाडून काढायचं, एवढंच तिचं काम.
विटकरी मीठ, तांबूस खडे,
मधेच एखादा काचेसारखा, आरपार.
इलाही मुकादम झाडलेलं मोजून घ्यायचा
फावड्यानं, घमेल्यानं, शेवटी नुसत्या नजरेनं.
पण निऱ्यांत काय अडकलं, केसांत काय बसलं,
टाचेच्या भेगांत काय मुक्कामाला राहिलं
याला रेल्वेच्या वहीत रकाना नव्हता.

घरी आली की आधी परसात.
कढीपत्त्याच्या बुंध्याशी साडी झटकायची,
तिथंच तांब्याभर पाण्यानं पाय धुवायची.
एकोणीस वर्षं.

मी आता तासगावला माती तपासते.
गाळलेलं पाणी बारीक नळीतून ज्योतीत चढतं
आणि पालाश जळतो, फिकट जांभळा.
नुसत्या डोळ्यांना सहसा सापडत नाही,
साध्या मिठाचा पिवळा फार मोठ्यानं बोलतो.
निळी काच आड धरली की तो गप्प होतो,
मग दिसतं
वांग्याच्या फुलाएवढं काहीतरी, थरथरतं.

पुस्तकात लिहिलंय, हा आटलेला समुद्र.
कोण्या एका काळी उन्हात टेकला, तो उठलाच नाही.
त्याच्यावर डोंगर बसले, गावं बसली,
मग खाण, मग जहाज, मग बेचाळीस वाघिणी.
आणि मिरजेत
समुद्र कधी न पाहिलेली बाई
त्याला खराट्यानं एका कोपऱ्यात लोटत होती.

मणेराजुरीचे भुपाल मगदूम देठांची पुडी घेऊन येतात.
"मणी फुगलाय, पण गोडी भरंना झालीया."
मी त्यांना सांगते, पालाश स्वतः गोड नसतो, काका,
तो हमाल आहे.
पानातली साखर पाठीवर घेऊन
मण्यापर्यंत पोचवतो.
ते हसतात. मी नाही हसत.

गेल्या दिवाळीत मी कढीपत्त्याखाली खड्डा घेतला.
रीतसर, वीतभर खोल,
कडेची माती वरपासून खालपर्यंत तासून.
आई म्हणाली, "काय पुरतीस का काय उकरतीस?"

आकडा पडद्यावर बसेना.
दहापट पातळ केलं, पुन्हा ज्योतीला दिलं,
यंत्र बिघडलं म्हणून मगदूम काकांची माती लावून पाहिली.
यंत्र ठीक होतं.

अहवालाचा छापील कागद घेतला.
शेतकऱ्याचे नाव : शेवंता दादू केंगार.
गट नंबर : रेघ.
क्षेत्र : रेघ. ती खोडून लिहिलं, एक झाड.
पालाश : अत्यंत जास्त.
शिफारस : पुढील काही वर्षे देऊ नये.
खाली माझी सही, शिक्का, तारीख.

परसात उभी राहून वाचून दाखवलं.
तिनं कागद उलटा करून बघितला
मागं आणखी काही आहे का.
"म्हंजे एवढं माझ्याकडं हाय?"
हो.
"जमिनीत?"
हो.
कागदाची घडी घालून चोळीत सरकवली.
"इलाहीला सांगू नगंस," म्हणाली,
आणि फोडणीपुरती पाच-सहा पानं ओरबाडून
आत गेली.